ईम : शिवेवरचा दगड आणि आठवण जपणारे एक गाव (डर्बीशर, इंग्लंड)

लेखिका : सांजवारा

या वर्षी ऑगस्टमध्ये आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे मँचेस्टरला आले होते. लंडनचे राजवाडे आणि संग्रहालये पाहून झाल्यावर बाबा म्हणाले, "आता एखादे खेडे दाखव. माणसे राहतात असे, नुसते फोटोतले नको." बाबांची सगळी नोकरी जिल्ह्यातल्या शाळांमध्ये शिक्षक म्हणून गेलेली असल्यामुळे गाव पाहायचे म्हणजे त्याची वेस, पाणवठा, देऊळ आणि बाजार पाहायचा, अशी त्यांची पद्धत आहे. त्यांना कोणते गाव दाखवावे याचा विचार करताना माझ्या मनात एकच नाव आले, ते म्हणजे पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांतील ईम. इंग्रजी अक्षरे पाहून आपण 'एयाम' असे वाचतो, पण गावातली माणसे 'ईम' असेच म्हणतात.

मँचेस्टर ते शेफील्ड या लोहमार्गावर ग्रिंडलफर्ड नावाचे छोटे स्थानक आहे. तिथे उतरून आम्ही चढाच्या रस्त्याने चालत ईमला गेलो. अंतर साधारण चार किलोमीटर आहे. दोन्ही बाजूंना चुना किंवा माती न वापरता नुसते दगडावर दगड रचून उभे केलेले बांध होते. ते पाहताच आईने कोकणातल्या माहेरच्या गडग्यांची आठवण काढली आणि खरोखरच रचना तीच आहे : खाली मोठे दगड, मध्ये बारीक भर आणि वर उभ्या दगडांची ओळ. शेतातून जाणाऱ्या पायवाटांवर लोकांचा वहिवाटीचा हक्क असल्यामुळे मेंढ्यांच्या कुरणातून चालतानाही कोणी हटकत नाही, मात्र फाटक उघडले तर ते आठवणीने लावायचे, एवढा नियम पाळावा लागतो.

ईमची गोष्ट १६६५ साली सुरू होते. त्या वर्षी लंडनमध्ये प्लेगने थैमान घातले होते. उन्हाळ्याच्या शेवटी अलेक्झांडर हॅडफील्ड या शिंप्याकडे लंडनहून कापडाची पेटी आली. कापड ओलसर होते म्हणून त्याच्याकडे काम करणाऱ्या जॉर्ज विकर्सने ते शेकोटीपुढे वाळत घातले. कापडात पिसवा होत्या, असे आज सांगतात. ७ सप्टेंबर १६६५ रोजी विकर्सला पुरल्याची नोंद चर्चच्या वहीत आहे. त्यानंतर शेजारच्या घरांतून माणसे जाऊ लागली. थंडीत साथ मंदावली, वसंतात पुन्हा डोके वर काढू लागली आणि जून १६६६ मध्ये लोक गाव सोडण्याच्या तयारीला लागले.

या टप्प्यावर दोन धर्मगुरू पुढे आले. विल्यम मॉम्पेसन हा तरुण रेक्टर १६६४ मध्ये नव्यानेच गावात आला होता. त्याच्या आधीचा थॉमस स्टॅन्ली हा प्युरिटन मताचा होता आणि राजाने लादलेली उपासनापद्धती मान्य न केल्यामुळे त्याला पद सोडावे लागले होते. गावातले पुष्कळ लोक मनाने अजून स्टॅन्लीचेच होते. नव्या धर्मगुरूच्या एकट्याच्या शब्दाला वजन नव्हते आणि जुन्याला अधिकार नव्हता. हे दोघे एकमेकांचे विरोधक असताना एकत्र आले आणि त्यांनी गावापुढे तीन गोष्टी ठेवल्या. प्रत्येक घराने आपले मृत आपणच, आपल्या बागेत किंवा शेतात पुरावेत. चर्चमधली दाटी टाळण्यासाठी प्रार्थना उघड्यावर, कक्लेट डेल्फ या खोलगट दरीत व्हावी. आणि गावाच्या सभोवती शीव ठरवून ती कोणीही ओलांडू नये.

हे सर्व मी वाचले होते, पण रस्त्यावरून चालताना जे होते त्याची कल्पना वाचनाने येत नाही. चर्चशेजारच्या दगडी घरांपुढे गुलाबाची झाडे, खिडकीत पडदे आणि दारात मुलांचे बूट होते, आणि त्याच घरांवर हिरव्या रंगाच्या पाट्या आहेत. ज्या घरी विकर्स राहत होता, तिथल्या पाटीवर लिहिले आहे की मेरी हॅडफील्ड एकटी वाचली, पण तिचे तेरा नातलग गेले. पुढच्या एका घराच्या पाटीवर थॉर्प कुटुंबातील नऊ जणांची नावे आहेत. बाबा प्रत्येक पाटीपुढे थांबून शाळेत हजेरी घ्यावी तशी सगळी नावे हलक्या आवाजात वाचत होते. एका घरातून बाई बाहेर आल्या, आम्हाला पाहून 'सुप्रभात' म्हणाल्या आणि कुंडीला पाणी घालू लागल्या. आपल्या उंबऱ्यावर मेलेल्यांची नावे ठेवून तिथेच रोजचा संसार करायचा, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आपल्याकडे अशा आठवणी आपण घराबाहेर ठेवतो.

सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात आठव्या शतकातला कोरीव दगडी क्रूस आहे. त्याच्या खांबाचा वरचा काही भाग हरवलेला आहे, तरीही त्यावरची वेलबुट्टी बोटांना जाणवते. चर्चच्या भिंतीवर १७७५ सालचे सूर्यघड्याळ आहे. मॉम्पेसनची पत्नी कॅथरीन हिची कबर याच आवारात आहे. मुलांना तिने बाहेर पाठवले, पण स्वतः नवऱ्याबरोबर गावात राहिली आणि २५ ऑगस्ट १६६६ रोजी प्लेगनेच गेली.

गावाच्या पूर्वेला अर्ध्या मैलावर उतारावरच्या कुरणात रायली ग्रेव्हज नावाची जागा आहे. वाटोळ्या दगडी भिंतीच्या आत हॅनकॉक कुटुंबाच्या कबरी आहेत. एलिझाबेथ हॅनकॉक हिने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांच्या आत नवरा आणि सहा मुले आपल्या हातांनी पुरली. दगडांवर तारखा कोरलेल्या आहेत, पहिली ३ ऑगस्ट आणि शेवटची १० ऑगस्ट. आई आत आली नाही. ती भिंतीबाहेर गवतावर बसून राहिली.

तिथून परत येऊन आम्ही स्टोनी मिडलटन या शेजारच्या गावाच्या वाटेला लागलो. त्या पायवाटेवर ईमचा सीमादगड आहे. मोठा, ओबडधोबड, जमिनीत रुतलेला दगड आणि त्यावर सहा खळगे. ईमची माणसे या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी ठेवत. शेजारची माणसे ती घेऊन धान्य आणि औषधे ठेवून जात. मी एका खळग्यात बोट घातले. कडा गुळगुळीत झालेल्या आहेत, तळाशी पावसाचे पाणी होते आणि त्यात पर्यटकांनी टाकलेली दोन-तीन तांब्याची नाणी. उत्तरेला डोंगरावर मॉम्पेसनची विहीर आहे. तिथेही असाच व्यवहार चाले, फक्त तिथे नाणी वाहत्या पाण्यात ठेवत. चॅट्सवर्थच्या वाड्यातील अर्ल ऑफ डेव्हनशर यानेही गावाला धान्य आणि सामान पुरवले.

बाबा त्या दगडाजवळ बराच वेळ उभे होते. मग ते जे म्हणाले, त्यासाठी खरे तर हा धागा काढला आहे. ते म्हणाले, "आपल्याकडे पटकी किंवा प्लेग आला की मरीआईचा गाडा सजवून शिवेपलीकडे नेऊन सोडायचे. पुढचे गाव तो आपल्या शिवेपार करायचे. रोग पुढे ढकलायची रीत होती ती, भीतीपोटीच होती. या लोकांनी रोग शिवेच्या आत धरून ठेवला." माझ्या मते ईमला जाण्याचे कारण हेच आहे. आपल्या मनात 'शीव' या शब्दाला जो अर्थ आहे, तो मनात ठेवून त्या दगडापुढे उभे राहिले की ती गोष्ट एखाद्या इंग्रज पर्यटकापेक्षाही आपल्याला जास्त जवळून कळते.

शेवटचा मृत्यू १ नोव्हेंबर १६६६ रोजी झाला. एकूण बळी २६० असल्याचे सांगतात. आसपासच्या गावांत आणि शहरांत साथ गेली नाही.

आता थोडे जवळच्या ठिकाणांविषयी. चॅट्सवर्थला गाडीने अर्ध्या तासाच्या आत पोचता येते. आजच्या वाड्याची बांधणी १६८७ पासून पहिल्या ड्यूकने सुरू केली. बागेतले एम्परर कारंजे १८४४ मध्ये जोसेफ पॅक्स्टनने रशियाचा झार निकोलस येणार म्हणून बांधले. झार काही आला नाही. कारंज्याला पंप नाही, डोंगरावरच्या तलावातून उतरणाऱ्या पाण्याच्या दाबावरच ते उडते. वाडा भव्य आहे, पण एका दिवसात ईम आणि चॅट्सवर्थ दोन्ही पाहू नये असे मला वाटते. ईम पाहून झाल्यावर सोनेरी खिडक्यांकडे लक्ष लागत नाही.

बेकवेल हे बाजाराचे गाव मात्र त्याच दिवशी संध्याकाळी जमते. वाय नदीवरचा तिथला दगडी पूल साधारण १३०० सालचा आहे. तिथले बेकवेल पुडिंग म्हणजे पापुद्र्याच्या पात्रात मुरांब्याचा थर आणि वर अंडे व बदाम घातलेला मऊ गर. आईने अंडे असल्याचे कळल्यावर खाल्ले नाही, बाबांनी दोघांचे खाल्ले.

इथे कोणी गेले असल्यास आपले अनुभव अवश्य लिहावेत.

---

प्रतिसाद : कृष्णाकाठ

सांजवारा ताई, लेख फार मनापासून उतरला आहे. आपल्या वडिलांनी सांगितलेल्या मरीआईच्या गाड्यात मी आणखी एक गोष्ट जोडू इच्छितो. आमच्या वाळवा तालुक्यात आजी सांगत असे की घरात उंदीर पडू लागले की गाव रिकामे करायचे. सगळे लोक रानात, मळ्यात खोपटी घालून राहत, गुरेढोरे बरोबर नेत आणि महिना-दोन महिने गावात कोणी पाऊल टाकत नसे. गावात प्लेग आला म्हणजे घरे सोडायची आणि उंदरांना मागे ठेवायचे, हे आपल्या लोकांना अनुभवाने कळले होते. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला आणि पिसवांचा भाग त्यानंतर काही वर्षांनी कळला, पण उंदीर पडणे ही खूण गावच्या बायकांनी आधीच ओळखली होती.

म्हणून मला असे विचारावेसे वाटते की ईमच्या लोकांनी रानात राहायला जाण्याचा विचार केला नसेल का? शिवेच्या आत राहूनही घरे सोडता आली असती.

---

प्रतिसाद : सांजवारा

कृष्णाकाठ दादा, आपला प्रश्न अगदी नेमका आहे. काही कुटुंबांनी गावाबाहेरच्या डोंगरात, खडकांच्या आडोशाला खोपटी करून दिवस काढल्याचे सांगतात. परंतु संपूर्ण गावाने तसे केले नाही. रोग कशाने पसरतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. हवा दूषित होते अशी समजूत होती आणि त्या समजुतीनुसार उघड्यावर प्रार्थना करणे हाच त्यांना सुचलेला शहाणपणाचा मार्ग होता. आपल्या आजींना जी खूण माहीत होती, ती त्यांना माहीत असती तर कदाचित कितीतरी घरे वाचली असती, हे वाचून मन कळवळले.

---

प्रतिसाद : जुनी वही

धागा वाचनीय आहे आणि लेखिकेच्या भावनेविषयी मला पूर्ण आदर आहे, परंतु इतिहासाच्या अंगाने काही बाबी नोंदवणे मला आवश्यक वाटते.

ईमच्या प्लेगची त्या काळातील साधने फार थोडी आहेत. चर्चमधील दफनांची नोंद आणि मॉम्पेसनची तीन पत्रे ही त्यातली मुख्य. आपण आज जी सविस्तर कथा ऐकतो, तिचा मोठा भाग पुढे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात लिहिला गेला. एमट सिडल आणि तिचा शेजारच्या गावातला प्रियकर रोलंड हे दरीच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना नुसते पाहत, ही गोष्ट तिथे सर्वत्र सांगितली जाते. एमटच्या दफनाची नोंद आहे, ती एप्रिल १६६६ च्या अखेरची, म्हणजे शीव बांधण्याच्या आधीची. भेटींची कथा परंपरेने आलेली आहे.

दुसरा मुद्दा गावाच्या लोकसंख्येचा आहे. जुन्या पुस्तकांत ती ३५० च्या आसपास दिलेली असल्यामुळे चारातली तीन माणसे गेली असे म्हटले जात असे. पुढील संशोधनात मूळ वस्ती याच्या दुपटीच्या जवळ असल्याचे दिसून आले आहे. तरीही मृत्यूचे प्रमाण भीषणच राहते.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्याकडे पैसा आणि बाहेर नातलग होते, अशी काही माणसे जूनच्या आधीच निघून गेली होती. मागे राहिलेल्यांत शिशाच्या खाणीत आणि शेतात राबणारी गरीब माणसे अधिक होती. त्यांच्यापुढे खरोखर किती पर्याय होते, याचा विचार करूनच 'स्वेच्छेने केलेला त्याग' हे शब्द वापरावेत. २०१६ मध्ये दफनाच्या नोंदींवरून झालेल्या एका अभ्यासात तर सुमारे तीन चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाल्याचे अनुमान निघाले. तसे असेल तर एकत्र राहिल्यामुळे गावाच्या आत मृत्यू वाढले आणि शिवेबाहेर मात्र साथ गेली नाही, असे दोन्ही एकाच वेळी खरे ठरते.

---

प्रतिसाद : सांजवारा

जुनी वही, आपण दिलेली माहिती मोलाची आहे आणि मी ती मान्य करते. फक्त एका गोष्टीवर माझे मत वेगळे आहे. पर्याय कमी असलेल्या माणसाचा त्याग लहान ठरत नाही. रात्री अंधारात डोंगर ओलांडून शेफील्ड गाठणे अशक्य नव्हते. एलिझाबेथ हॅनकॉक नंतर गेलीच, शेफील्डला तिचा वाचलेला मुलगा होता त्याच्याकडे. पण ती गेली ते सर्वांना पुरल्यानंतर. ऑगस्टच्या त्या आठ दिवसांत कोणत्याही दिवशी ती उरलेल्या लेकरांना घेऊन पळू शकली असती. त्या भिंतीजवळ उभे राहिल्यावर मला त्या बाईविषयी दुसरे काही म्हणवत नाही.

---

प्रतिसाद : रानवाट

या चर्चेत पुण्याच्या प्लेगचा उल्लेख व्हायला हवा. १८९६ मध्ये मुंबईत आणि त्यापाठोपाठ पुण्यात साथ आली, तेव्हा सरकारने वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि गोऱ्या शिपायांकडून घरांची झडती घेतली. स्वयंपाकघरात आणि देवघरात बुटांनिशी शिरणे, बायाबापड्यांना रस्त्यावर उभे करून तपासणे, सामान जाळणे, हे सर्व झाले. त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंच्या गोळीने झाला. विलगीकरणाचा हेतू ईममध्ये आणि पुण्यात एकच होता. ईममध्ये तो निर्णय गावाच्या दोन आपल्या माणसांनी गावासमोर उभे राहून मांडला, पुण्यात तो परक्या सत्तेने संगिनीच्या जोरावर लादला. एवढ्या एका फरकाने सगळे बदलले.

आणि त्याच साथीत सावित्रीबाई फुले होत्या. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आपले दत्तक पुत्र यशवंतराव यांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात आल्या, त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. कॅथरीन मॉम्पेसनविषयी वाचताना मला सतत त्याच आठवत होत्या. ईममध्ये प्लेगने माणसे गेलेल्या घरांवर पाट्या आहेत. ज्या वाटेने सावित्रीबाई ते मूल घेऊन चालत आल्या, त्या वाटेवरही जागोजागी अशी साधी पाटी असावी, असे मला तीव्रतेने वाटते.

---

प्रतिसाद : कृष्णाकाठ

रानवाट, शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत आहे.

---

प्रतिसाद : पेनाईन

मी गेली बरीच वर्षे शेफील्डला राहतो आणि ईमला अनेकदा जातो, म्हणून जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना लिहितो.

ग्रिंडलफर्डहून चालत जाणे सुंदर आहे, पण चढ सतत आहे. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर शेफील्ड किंवा बेकवेलहून बस घ्यावी. बस मोजक्या असतात आणि रविवारी आणखी कमी होतात. मागच्या वर्षी माझ्या सासू-सासऱ्यांसह परतीची शेवटची बस दोन मिनिटांनी चुकली आणि आम्हाला अंधारात पावसात तासभर थांबावे लागले. परतीची वेळ आधी लिहून घ्यावी. गावातले संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झाले. ते लहान आहे, पण कुटुंबांनुसार मांडलेली मृत्यूंची यादी अवश्य पाहावी. हिवाळ्यात ते बंद असते.

हिरवळीवर ईम हॉलसमोर जुना लाकडी खोडा आहे. मुले त्यात पाय घालून फोटो काढतात. हॉल प्लेगनंतर पाच-सहा वर्षांत बांधला गेला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या राइट कुटुंबाकडे राहिला.

स्टोनी मिडलटनला उतरलात तर तिथले चर्च चुकवू नका. त्याचा मनोरा पंधराव्या शतकातला आहे. जोन पॅडली या स्त्रीने आपला नवरा १४१५ च्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईतून जिवंत परतला म्हणून हे चर्च बांधले. मूळ सभागृह आगीत गेल्यावर १७५९ मध्ये अष्टकोनी सभागृह उभारले. आत उभे राहिले की आठही भिंती सारख्या अंतरावर दिसतात आणि वरून प्रकाश पडतो. मला अख्ख्या परिसरात ही जागा सर्वांत शांत वाटते.

बेकवेलजवळचा हॅडन हॉल मला चॅट्सवर्थपेक्षा अधिक आवडतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून सुमारे दोनशे वर्षे तिथे मालक राहिलेच नाहीत, त्यामुळे नव्या फॅशनने त्याला हात लावला नाही. १९२० च्या दशकात रटलंडच्या नवव्या ड्यूकने त्याची काळजीपूर्वक डागडुजी केली. जुन्या फरश्या पावलांनी झिजून मधोमध खोल गेल्या आहेत आणि लांब दालनातल्या खिडक्यांच्या काचा मुद्दाम थोड्या तिरप्या बसवलेल्या असल्यामुळे दुपारचे ऊन त्यावर वेगवेगळे चमकते.

---

प्रतिसाद : गिरणगाव

पेनाईन यांच्या यादीत दोन ठिकाणे जोडतो, कारण दोन्ही ठिकाणी मुंबईशी धागा जुळतो.

चॅट्सवर्थच्या आवारात एन्झर नावाचे गाव आहे. लिहिताना अक्षरे 'एडेन्सर' अशी दिसतात. वाड्यातून दिसू नये म्हणून सहाव्या ड्यूकने १८३० च्या दशकाच्या अखेरीस ते उचलून टेकडीआड वसवले. घरे इतक्या वेगवेगळ्या शैलींत बांधली आहेत की एकासारखे दुसरे नाही. गाव देखणे आहे, पण आपले गाव कुणाच्या नजरेला खुपते म्हणून हलवले जावे, हे मला स्वस्थ बसू देत नाही. तिथले उंच मनोऱ्याचे चर्च १८६७ च्या सुमारास जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुविशारदाने उभारले. याच स्कॉटने मुंबई विद्यापीठाच्या दीक्षांत सभागृहाचे आणि राजाबाई टॉवरचे आराखडे केले. तो मुंबईला कधी आला नाही, आराखडे लंडनहून पाठवले. एन्झरच्या चर्चकडे पाहताना फोर्टमधल्या दगडी कमानींची ओळख पटत राहते.

दुसरे ठिकाण क्रॉमफर्ड. १७७१ मध्ये रिचर्ड आर्कराइटने तिथे पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढली. २००१ मध्ये डरवेंट खोऱ्यातील गिरण्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत साचेवाले होते. क्रॉमफर्डच्या त्या करड्या भिंतीखाली उभे राहून मी त्यांना मनात सांगितले की भोंग्याची सुरुवात इथे झाली. ईमहून हे अंतर बरेच आहे, दुसरा दिवस ठेवावा.

---

प्रतिसाद : रानवाट

सांजवारा ताई, आपण ऑगस्टमध्ये गेला होता म्हणजे 'प्लेग संडे'ची प्रार्थना पाहायला मिळाली का? त्याविषयी लेखात काही नाही.

---

प्रतिसाद : सांजवारा

होय, आम्ही योगायोगाने त्याच रविवारी गेलो होतो. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावकरी मिरवणुकीने कक्लेट डेल्फमध्ये उतरतात आणि १६६६ मध्ये जिथे प्रार्थना झाली त्याच उतारावर बसतात. कॅथरीनच्या कबरीवर फुलांचे चक्र वाहतात. मी त्याविषयी लिहिले नाही, कारण तिथे आम्ही पाहुणे होतो आणि मागे उभे राहून शांतपणे ऐकणे एवढेच योग्य होते. त्या काळी कुटुंबे एकमेकांपासून अंतर ठेवून बसत, असे सांगितले गेले. करोनाच्या काळात हे गाव पुन्हा सर्वांना आठवले होते, हेही एका वयस्कर गृहस्थांनी आम्हाला सांगितले.

त्याच आठवड्यात गावातले पाणवठे सजवलेले असतात. ही डर्बीशरची जुनी चाल आहे. लाकडी फळ्या पाण्यात भिजवतात, त्यांवर मीठ घालून मळलेल्या चिकणमातीचा थर देतात आणि त्या ओल्या मातीत फुलांच्या पाकळ्या, पाने, बिया, शेवाळ दाबून चित्र तयार करतात. आई जवळजवळ अर्धा तास एका फळीपुढून हलली नाही. तिला रांगोळीचे हात आहेत, त्यामुळे रेघ कशी धरली आहे हे तिला लगेच दिसले. तिने माझ्यामार्फत तिथल्या बाईंना विचारले की पाकळ्या खालून वर का लावल्या आहेत. त्यांनी सांगितले की कौलांसारख्या एकावर एक चढवल्या म्हणजे पाऊस आला तरी पाणी वरून ओघळून जाते आणि माती उघडी पडत नाही. आईने त्यांच्या हाताकडे बोट दाखवले, त्यांची नखे मातीने भरली होती, आणि मग स्वतःची बोटे पुढे केली. दोघी हसल्या.

आता आईच्या मनात दिवाळीला साताऱ्याच्या अंगणात झेंडूच्या पाकळ्यांनी अशी एक फळी करायची आहे. मातीत मीठ घालायचे ते ती ओली राहावी म्हणून, एवढे त्या बाईंनी सांगितले, पण प्रमाण विचारायचे राहून गेले. पेनाईन, आपल्या ओळखीत कोणी हे काम करत असल्यास कृपया विचारून कळवावे. आई रोज फोनवर विचारते आहे.